सूर्याचं वादळ आणि मोहोपाड्याचे पाहुणे

ती. सदूमामांना, निलगिरीच्या थंडीतून भाचा हरेशचा वाकून नमस्कार. मामीच्या गुडघ्याला उतार असेल, दहिवलीची लावणीही उरकली असेल, असं धरून चालतो. मी बरा आहे. (साजगावच्या कारखान्यातून पळालेला पोरगा इथे टिकलाय, हे आईला जरूर सांगा.)

मामा, तुमच्या सुरभीला बघून गेलेल्या मोहोपाड्याच्या पाहुण्यांना तुम्ही माझं नाव घेऊन वर्षभर थांबायला सांगितलंत म्हणे. मुलाच्या चुलत्याने मला फोन करून विचारलं, कोणतं पंचांग बघता? आता काय सांगू? मी इथल्या प्रयोगशाळेत चहा देतो आणि यंत्रांच्या खोल्या झाडतो. इथे मुहूर्त काढत नाहीत, अवकाशातून येणारे किरण मोजतात. तुम्ही मागे फोनवर विचारलंत, वर सगळं ठीक हाय ना रं, तेव्हा साहेबांकडून ऐकलेलं तेवढं मी बोललो. सूर्यावर वादळ झालं की वाऱ्याचे झोत सुटतात. वाटेत मागचा झोत पुढच्याला गाठतो (आपल्याकडे हळदीला निघालेले टेंपो नाक्यावर एकाला एक लागून रस्ता बंद करतात, तसं) आणि सगळे मिळून बाहेरून येणाऱ्या किरणांना अडवतात. मग झोत पोचतील तिथे किरण कमी होतात. पण सूर्याच्या वाऱ्याची वेस फार लांब. माणसाने सोडलेली दोन यानं त्या वेशीपलीकडे गेलीत, तिथवर वादळ पोचायला वर्ष लागतं. बस, एवढंच. लग्नाचा ल मी काढला नव्हता.

तुम्ही मात्र भर बैठकीत म्हणालात, "वरीसभर वरचं वारं निवळायचं नाय. आमचा भाचा तिथं कामाला हाय, त्यो काय खोटं बोलंल?"

खोटं बोललो नाही, मामा. पण त्या वाऱ्याचा लग्नाशी काही संबंध नाही. मुलगा चांगला आहे, कंपनीचं क्वार्टर आहे. (केस विरळ आहेत, त्यात किरणांचा दोष नाही.) तेव्हा भाचा चहावाला आहे, हे त्यांना सांगून टाका.

तुमचाच,
हरेश

ता. क. सांगायची घाई नको. सूर्यावर दुसरं वादळ झालंय, ते पहिल्याच्या मागे लागलंय, असं साहेब म्हणत होते. निवळायला वेळ लागेल.

ता. क. दुसरा. वर्षभरात मला इथे कायम करणार आहेत. मोहोपाड्याच्या मुलाला तेवढा धीर नसेल तर त्याने दुसरीकडे बघावं. सुरभीला माझ्यासाठी तेवढा धीर आहे का, ते मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "माझं मी बघते रं. तू आधी बाबांना लिही."