चंद्रानं तोंड कुठं करायचं

११ डिसेंबर, अकोला
हेडबाईनं आज पुन्हा माझ्या गळ्यात काम मारलं. गॅदरिंगमध्ये विज्ञानाचं काहीतरी पाहिजे म्हणे. "तुमी भूगोलवाल्या, तुमीच करा." पृथ्वीभोवती चंद्र कसा फिरते ते पोरींकडून स्टेजवर करून दाखवायचं. चंद्र कोण, तेही ठरवूनच आणलं: रिद्धी, सातवीची, भाऊसाहेबाची नात. भाऊसाहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, मालकच म्हणा. मी म्हटलं सूर्य करा तिले. तर म्हणे सूर्य जागचा हलत नाही, व्हिडिओत मजा येत नाही.
डोकं फिरलं. तोंडानं मात्र "हाव मॅडम". सहा वर्षं झाली, पर्मनंटची ऑर्डर भाऊसाहेबाच्या सहीसाठी अडून आहे. त्याच्यापायी सगळ्याले हाव.
पृथ्वी मात्र मी निवडली. सानिका. आई बाजारात भाजी घेऊन बसते, पोरगी फीमाफीत आहे. वर्गात डोकं चालते ते हिचंच.

१६ डिसेंबर
मैदानात चुन्यानं गोल आखला. सानिका मधात, रिद्धी गोलावर. पोट्टी खेकड्यावाणी आडवी चालून राहिली, तोंड सारखं पाव्हण्यासाठी मांडलेल्या खुर्च्यांकडं. म्हटलं, अवो बाई, चंद्राची एकच बाजू आपल्याले दिसते. तू सानिकाकडंच पाहत फीर.
फिरली. अन् चक्कर पुरी झाली तशी ओरडली, "मॅडम, मले कंपाउंडच्या चारही भिंती दिसल्या! म्हणजे मीपण एक गिरकी घेतली न?"
घेतलीच. एका चकरेत बरोबर एक गिरकी, म्हणून तर त्याची पाठ आपल्याले कधीच दिसत नाही. बी.एड.ले आमच्या अर्ध्या वर्गाले हे कळत नव्हतं. या पोरीचा राग करायचा असं ठरवलं होतं, जमला नाही.

२० डिसेंबर
हेडबाई प्रॅक्टिस पाहाले आली. चंद्र गोलात पुढं आला तशी किंचाळली. "पाव्हण्याकडं पाठ? भाऊसाहेबाच्या नातीनं?"
आमच्या स्टेजवर पाठ करायची नाही, हा कायदाच. भाऊसाहेबाच्या हातून सत्काराचा नारळ घेतला की उलटं चालत खाली उतरायचं. मागच्या साली पी.टी.चे सर पायरी चुकून कुंडीवर बसले, कोणी हसलं नाही. हसाची टाप आहे कोणाची.
मी म्हटलं, मॅडम, चंद्र पाव्हण्याकडं पाहत फिरला तर पृथ्वीले त्याची पाठ दिसते. शास्त्र उलटं होते.
"शास्त्र वर्गात शिकवा तुमचं."
बयाड बाई. हिले हेडमास्तरीण कोणी केलं? माहीत आहे कोणी केलं.

२३ डिसेंबर
भाऊसाहेबानं घरी बोलावलं. चहा आला, संगं माझी फाईल आली. मुद्दाम.
"मॅडम, चंद्र कोण्या बाजूनं पाहते हे मले नका शिकवू. लोकं माह्या नातीचं तोंड पाहाले येऊन राहिले, पाठ पाहाले नाही."
म्हटलं, दोन मिनिटाचा तर खेळ आहे.
"मंग दोन मिनिटासाठी काहून भांडता?" हात फाईलवरच.
मी हाव म्हणून उठली. चहा पिला नाही, तेवढीच हिंमत. रस्ताभर मनात शिव्या घातल्या त्या माणसाले. अन् मले...

२४ डिसेंबर
रिद्धीले सांगतलं, खुर्च्यांकडं पाहत फीर. काहून म्हणे. म्हटलं, छान दिसते.
सानिका मधातून बोलली, "मंग मले तिची पाठ दिसते न मॅडम. चंद्राची पाठ दिसत नाही म्हणून तुमीच सांगतलं होतं."
मी खेकसली तिच्यावर. "जास्त शहाणपणा करू नको." पोरगी खरं बोलली म्हणून खेकसली, दुसरं काही कारण नाही.

४ जानेवारी
गॅदरिंग झालं. नसतं झालं तर बरं होतं.
रिद्धीनं पहिलं पाऊल बरोबर खुर्च्यांकडं पाहत टाकलं. मंग वळली ते सानिकाकडंच. अख्खी चक्कर. पाव्हण्यासमोर चांगली पाठ केली. पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या. मलेही वाटलं शाब्बास म्हणून ओरडावं.
स्टेजमागं भाऊसाहेब हजर. "कोणी सांगतलं तुले असं फिराले?"
रिद्धी घाबरली. "सानिकानं. ती म्हणे मॅडमनं पहिले शिकवलं तेच खरं आहे."
त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "मी तिले समोरच पाहाले सांगतलं होतं. हेडबाईले विचारा." शब्द न् शब्द खरा. सानिका तिथंच उभी होती, पृथ्वीच्या निळ्या झग्यात. थू आहे माझ्या जिंदगीवर.

७ जानेवारी
ऑर्डर भेटली. सहीसकट. आईले अमरावतीले फोन केला, खुशीनं रडलीच ती. आता तरी तब्येतीकडं पाहा म्हणे.
हेडबाईनं पेढे मागतले. अन् वरून, "त्या भाजीवालीच्या पोरीले फुकटात ठेवलं त डोक्यावर बसली. उद्या तिच्या मायले बोलावलं. दाखला देऊन टाका म्हणतात भाऊसाहेब."
म्हटलं, दाखला? एका चकरेसाठी?
"तुमाले काय करायचं? तुमचं त झालं न."
माझं त झालं.

८ जानेवारी
सानिकाची आई ऑफिसबाहेर बाकावर. भाजीचं दुकान सोडून आली. मले पाहून उभी राहिली.
"मॅडम, पोट्टीनं काय केलं वो? विचारलं त सांगतच नाही. घरी नुसतं तुमचं नाव घेते, मॅडम असं शिकवते, मॅडम तसं शिकवते. तुमी चाला न आत. तुमचं ऐकतीन ते."
म्हणजे पोरीनं घरी सांगतलंच नाही मी काय केलं ते. सांगतलं असतं, या बाईनं मले चार शिव्या दिल्या असत्या, त बरं झालं असतं.
आत जाऊन खरं सांगतलं की पहिले मीच शिकवलं, मंग मीच ते फिरवलं, त ऑर्डर फिरवाले भाऊसाहेबाले किती वेळ लागते? अन् आईले काय सांगू?
बाईले म्हटलं, बसा, आलीच मी. अन् इथं स्टाफरूममध्ये येऊन हे लिहीत बसली.
हेडबाईनं दोनदा हाक मारली तिले. आता शिपाई येऊन गेला. म्हणे, मॅडम, ते बाई तुमच्याबिगर आत जातच नाही.