बरी न झालेल्या बाईची साक्ष

आई, मला एकानं प्रार्थना करायला सांगितलंय. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं, त्याच्या खाटेशेजारी बसून. माझ्याच खोलीत राहतो, बिहारकडचा आहे. इथं आखातात आम्ही दोघं कंपनीच्या टाक्यांभोवती लोखंडी परांच्या बांधतो. मागच्या आठवड्यात वरून पाइप निसटला आणि त्याच्या पायावर आला, तेव्हापासून हॉस्पिटलात आहे. पाय ठेवायचा की गुडघ्याखाली कापायचा, ते डॉक्टर शनिवारी ठरवणार. फोनवर म्हणाला, “तू किरिस्तान है ना? तुम लोग हाथ पकड़ के करते हो, वो वाला कर दे. शुक्कर को आ जा.” मी हो म्हणून बसलो. तू गेल्यापासून मी तोंड उघडून प्रार्थना केलेली नाही. चर्चमध्ये गेलोच तर नुसते ओठ हलवायचो, पप्पांना बरं वाटावं म्हणून. आता ह्या माणसाला काय सांगू? बरा होशील म्हणून? ते शब्द तोंडात घ्यायचीच मला भीती वाटते, आणि ही भीती कुठून आली ते तुला माहीत आहे.

कल्याणचं आपलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तू ओट्याला टेकून उभी आहेस, हातात छोटा स्टीलचा पेला, त्यात थोडंसं पाणी. किडन्या गेलेल्या, म्हणून डॉक्टरनं पाणी बांधून दिलेलं. आणि तू त्या दोन घोटांसाठी डोळे मिटून प्रार्थना करतेस, लोक लग्नाच्या बिर्याणीसाठी करतात तेवढी लांब. मी म्हणतो, “आई, आमेन म्हण लवकर, पाणी वाळून जाईल.” तू डोळे न उघडता म्हणतेस, “तू गप रे. मी त्याच्याशी बोलतेय, तुझ्याशी नाही.” मग पितेस, जिभेवर फिरवत फिरवत. मला राग यायचा. तहान त्यानंच दिली आणि आभारपण त्याचेच? तसं विचारलेलं मी तुला. तू म्हणालीस, “तहान त्यानं दिली का, ते मला नाही ठाऊक. पाणी दिलं, एवढं दिसतंय.”

डायलिसिसला आपण बसनं माजिवड्याला जायचो. जाताना तू खिडकीपाशी बसायचीस, येताना माझ्या खांद्यावर डोकं. एक दिवस पप्पा रिपोर्ट घेऊन धावतच घरी आले. क्रिएटिनिनचा, म्हणजे रक्तात साठलेल्या घाणीचा आकडा एकदम खाली आलेला. घरच्या प्रार्थनेला येणाऱ्या मावशी तर रडायलाच लागल्या. रविवारी उपासनेत पप्पा साक्ष द्यायला उभे राहिले, माझी बायको बरी झाली, प्रभूनं तिला मशीनवरून उतरवली. सगळी मंडळी हालेलूया म्हणाली, बाया तुला मिठ्या मारत होत्या, पाळकसाहेबांनी पेढे वाटायला लावले. मीपण खाल्ले. दुसऱ्या दिवशी पप्पा सेंटरवर गेले, आता मशीन बंद करा म्हणून सांगायला. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, “काका, हे रक्त मशीनवरून उतरल्यावर काढलंय. नुकतं धुतलेलं. तेव्हा सगळ्यांचाच आकडा उतरतो. परत चढणार तो.”

पप्पा घरी येऊन चप्पल न काढताच खुर्चीत बसले. “आता मंडळीला तोंड कसं दाखवू गं?”

“आहे तेच दाखवा. नवं कुठून आणणार?” तू म्हणालीस.

मावशींना कळलं तशा त्या आल्या. म्हणाल्या, “विश्वास कमी पडला असेल. काही लपलेलं पाप असेल तर कबूल कर बाई.” तू लसूण सोलत होतीस. “पापं आहेत की, पुष्कळ. पण ती किडनीत नाही ठेवलेली मी.” मावशी चहा न पिताच गेल्या.

पुढच्या रविवारी तू स्वतः उभी राहिलीस, पायांवर सूज घेऊन. मी मागच्या बाकावर, जमीन फाटावी असं वाटत होतं. तू म्हणालीस, “मी बरी झालेली नाही. ह्यांनी सांगितलं ते मायेनं सांगितलं, पण रिपोर्ट चुकीच्या वेळचा होता. बहुतेक मी बरी होणारपण नाही. मशीनवर पडले की मला फार भीती वाटते. आधी मी प्रभूला म्हणायचे, मला इथून काढ. आता म्हणते, इथं मला एकटी ठेवू नकोस. तो ठेवत नाही. शेजारच्या खाटेवरची बाई सुई टोचताना ओरडते, मी तिचा हात धरते, तेव्हा माझीपण भीती उतरते. वधस्तंभावरून त्यालासुद्धा कुणी उतरवलं नव्हतं. म्हणून त्याला आपलं दुखणं समजावून सांगावं लागत नाही. एवढीच माझी साक्ष आहे.” ह्याच्यावर हालेलूया म्हणायचं का नाही, कुणालाच कळेना. पेटीवाला भाऊ बोटं वर धरून थांबलेला. शेवटी पप्पाच म्हणाले, आमेन. हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

मला मात्र पेढेच लक्षात राहिले. तू गेलीस, माझी शाळा सुटली, मग गॅरेज, भिवंडीचं गोडाऊन, डोंबिवलीत रंगाची कंपनी, कुठंच टिकलो नाही, ते थेट इथं वाळूत आलो. मला वाटायचं, देव म्हणजे तो चुकीच्या वेळचा रिपोर्ट. तुझी साक्ष कानावर पडलेली, आत गेली नव्हती.

इथपर्यंत काल लिहिलेलं. आज जाऊन आलो. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला, दाढी वाढलेली. मी स्टुलावर बसलो आणि आधीच सांगून टाकलं, “पैर का मैं कुछ नहीं बोल सकता, भाई.” तो म्हणाला, “पैर का डॉक्टर बोलेगा. तू उसको बोल कि मेरे को डर लग रहा है.”

मग मला सोपं झालं, आई. त्याचा हात धरला. हिंदीत सुरुवात केली आणि कधी मराठीत घसरलो ते कळलंच नाही. म्हणालो, प्रभू, हा घाबरलाय. मीपण घाबरलोय. पाय वाचव, आम्हाला पाहिजे तो. आणि नाही वाचला तर तू लांब जाऊ नकोस, त्याच्याजवळच राहा. मी पण येत राहीन. पुढं काही सुचेना, म्हणून आमेन म्हटलं.

“मराठी में बोला क्या?”

“हाँ.”

“समझता है वो?”

“मेरी माँ का तो समझता था.”

तो हसला. अपघातानंतर पहिल्यांदाच असेल. पायाचं उद्या काय होईल माहीत नाही, आणि दुःख का येतं तेही मला अजून कळलेलं नाही. पण त्या खाटेपाशी आम्ही दोघंच होतो असं काही मला वाटलं नाही. तू जे सांगत होतीस ते हेच असेल, तर ते खरं आहे.

हे कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून तर लिहू शकलो. एक मात्र सांगतो. आमेन म्हटल्यावर मी डोळे लगेच उघडले नव्हते. तो गप्प राहिला, त्याला वाटलं प्रार्थना अजून चाललीय. चालली नव्हती. नुसतंच बरं वाटत होतं, म्हणून बसून राहिलेलो.