टाकीतली पातळी

सोमवार, २ सप्टेंबर

कुमासीला परत आलो एकदाचा! ट्रोट्रो मिनीबसवाल्यांची तीच बोंबाबोंब, तीच लाल धूळ, आणि सेरवाच्या हातचं तेच फुफू आणि सूप. पोट फुटेस्तोवर जेवलो. बहीण रडली, हसली, पुन्हा रडली. तिची मान्सा दारातच उभी होती. अकरा वर्षांची पोर, पण जिना चढली की ओठ निळे पडतात. लहानपणीच्या तापाने तिच्या हृदयाची झडप खाल्लीय. तिची शस्त्रक्रिया याच महिन्यात, माझ्याच नव्या नोकरीच्या जागी. सेरवाला म्हटलं, आता रडायचं काम नाही, पोरीचा वोफा आलाय. आमच्यात आईचा भाऊ उभा राहिला की बापालासुद्धा कोणी विचारत नाही.

हृदय केंद्र छान आहे. मशीन तर झकास. डॉक्टर हृदय थांबवून काम करतात तेव्हा माणसाचं रक्त या मशीनमधून फिरतं, आणि ते फिरवणारा मी. केप टाउनला शिकलो ते यासाठीच. इथली मंडळी मात्र आजोबांच्या काळात बसलीत. लांबलचक नळ्या, त्यात सलाइनच सलाइन, त्याने रुग्णाचं रक्त पाण्यासारखं पातळ, आणि मग रक्तपेढीच्या पिशव्यांवर पिशव्या. फाटकाबाहेर नातेवाईक रक्तदाते शोधत वणवण फिरतात. अलीकडचं संशोधन यांच्यातल्या एकानेही उघडून पाहिलेलं दिसत नाही. नळ्या आखूड ठेवा, सलाइन कमी करा, शेवटी मशीनच्या टाकीत उरलेलं रक्त ज्याचं त्याला परत द्या. एवढं सोपं. हळूहळू शिकवीन यांना.

गुरुवार, ५ सप्टेंबर

आज यांचं एक खूळ पाहिलं. शस्त्रक्रिया संपल्यावर टाकीत उरलेलं रक्त सिस्टर पोकुआ मातीच्या भांड्यात काढते. दाराबाहेर रुग्णाचा वोफा उभा असतो. तो ते भांडं इमारतीच्या मागे नेतो, जमिनीवर ओततो, वर थोडी दारू शिंपडतो आणि मेलेल्यांची नावं घेतो. रक्तपेढी कोरडी पडलेली असताना चांगलं रक्त मातीत! बघून डोकं भणभणलं.

पोकुआने मला कुक्कुलं बाळ समजून समजावलं. हृदय थांबलं म्हणजे माणूस पलीकडे जाऊन येतो, म्हणे. तो परत फिरला की पलीकडचे त्याच्या मागोमाग दारापर्यंत येतात. त्यांना दारातच प्यायला दिलं तर तिथेच थांबतात, नाही दिलं तर आत शिरतात. मी विचारलं, मग बसायला स्टूलही मांडता की पाहुणे उभ्यानेच पितात? बाई हसली नाही.

तिचं सोडा, पण डॉक्टर असिआमा? जर्मनीत शिकलेला सर्जन, पदव्यांना भिंत पुरत नाही. त्यांना विचारलं तर म्हणाले, शिकलो तिकडे क्वादवो, पण माणसं कापतो इकडची. नाव मोठं लक्षण खोटं, दुसरं काय.

मंगळवार, १० सप्टेंबर

पहिलं काम माझ्या पद्धतीने. रुग्ण अग्येमान, ट्रकचा ड्रायव्हर. पेढीची एकही पिशवी लागली नाही. टाकीतलं सगळं रक्त त्याचं त्याला परत. दाराबाहेर त्याचा वोफा भांडं घेऊन उभा होता. त्याला सांगितलं, काका, रिकामं भांडं घरी न्या आणि त्यात पेज शिजवा. म्हाताऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याचं काही चोरलंय.

एक बारीकशी गोष्ट. शेवटी शेवटी टाकीतली पातळी थोडी चढली. रक्त कमी होतं हे समजू शकतो, वाढेल कसं? अंगातलं जादा पाणी उतरलं असेल. वाढलं तेही त्यालाच दिलं. मिळालं तर नको कोण म्हणतो?

गुरुवार, १२ सप्टेंबर

अग्येमान शुद्धीवर आला. घशातली नळी काढताच माझ्याकडे पाहून म्हणाला, बोफ्रोत, तू मोठा झालास रे.

लहानपणी मी असा गोल होतो की आजी मला बोफ्रोत म्हणायची, तळलेला गोड गोळा. आजी गेली आणि ते नाव तिच्याबरोबर गेलं. सेरवा तेव्हा जन्मलीही नव्हती. असो. मशीनवरून उतरलेले रुग्ण काही काळ बरळतात, हे पुस्तकातसुद्धा आहे. बोफ्रोत काय, रस्त्यावर कढई दिसेल तिथे मिळतात.

मंगळवार, १७ सप्टेंबर

अग्येमान गेला. हिमोग्लोबिन रोज खाली येत होतं. डॉक्टरांनी पुन्हा छाती उघडली. आत रक्तस्राव नाही, पोटात नाही, कुठेच नाही. पिशव्या चढवल्या, त्याही गायब. पोकुआ कोपऱ्यात बसून ते मातीचं भांडं घासत होती. शंभर शिव्या परवडल्या.

मी सगळं तपासलं. नळ्या प्रत्येक वेळी नव्या, बंद पाकिटातल्या, निर्जंतुक. त्यात भूत शिरायचं तर त्याने आधी हात धुवायला हवेत.

शुक्रवार, २० सप्टेंबर

काल मशीनवर एका शाळेतल्या शिक्षिका, बोआतेमाबाई. टाकीतली पातळी पुन्हा चढली, आणि या वेळी चांगलीच. सलाइनची नळी मी स्वतः चिमटा लावून बंद केली होती. तरी चढली. डॉक्टरांनी मान न वळवता सांगितलं, थोडं भांड्यात काढ. सगळ्यांसमोर! मी सगळं बाईंना परत दिलं.

आज बाई जाग्या झाल्या. मला बोफ्रोत म्हणाल्या. मग विचारलं, आणखी जागा कधी होणार? बाहेर फार जण आहेत, म्हणाल्या.

मंगळवार, २४ सप्टेंबर

बाई पांढऱ्या पडत चालल्यात. थेंबही कुठे सांडत नाही. प्रयोगशाळेतला पोरगा म्हणतो, नमुन्यात दोन वेगळ्या गटांचं रक्त दिसतंय. त्याला मूर्ख म्हणालो. पुन्हा तपासायला लावलं. तेच.

परवा मान्सा. सेरवाने भांडं आणलंय, घासून पुसून. मला विचारत होती, तू आत मशीनवर, मग वोफा म्हणून दारात कोण उभं राहील? चुलत मामांना बोलवू का? तिला झापलं. म्हटलं, मशीनवाला मी, वोफा मी. दोन्हीकडे घरचाच माणूस असताना वाटा कोणाला द्यायचा? भांडं माळ्यावर टाक.

हे तिला ओरडून का सांगावं लागलं, कळत नाही.

गुरुवार, २६ सप्टेंबर

झडप छान बसली. हृदय पहिल्याच धक्क्यात सुरू झालं.

पातळी चढली. चढतच गेली. पोरीच्या अंगात मुळात जेवढं रक्त नसेल तेवढं टाकीत. पोकुआ माझ्या बाजूला येऊन उभी राहिली, कुठूनसं एक भांडं घेऊन. डॉक्टर म्हणाले, क्वादवो, हात जोडतो, थोडं सोड. मी ओरडलो, तुमच्या भीतीपायी माझ्या भाचीचं रक्त सांडू? माझा हात नकळत भांड्याकडे गेला होता. सगळ्यांनी तो पाहिला. त्यामुळेच —

सगळं परत दिलं. तिच्यात मावणार नाही असं वाटत होतं. मावलं.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

बोआतेमाबाई सकाळी गेल्या.

मान्साने डोळे उघडले. सेरवा आनंदाने नाचली. पोर तिच्याकडे बघेना. मला म्हणाली, बोफ्रोत. आजी म्हणायची तसंच, मधल्या अक्षरावर हेल काढून.

दुपारी हिमोग्लोबिन खाली. संध्याकाळी आणखी खाली.

शनिवार, २८ सप्टेंबर

पेढीचं रक्त चढवतो, राहत नाही. पोकुआकडे गेलो. म्हटलं, दे भांडं, आता ओततो. मीच वोफा, चुकलो, ओततो. ती म्हणाली, आता दारात कोणी उरलं नाही रे बाबा. सगळे आत आहेत. तिने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

संशोधन, म्हणे. गाढव मी.

माझा गट मान्साशी जुळतो. आईकडचं रक्त. एक पिशवी दिली. ओठांना रंग आला — पेढीच्या रक्ताने आला नव्हता. डॉक्टर म्हणाले बस, आणखी काढलंस तर मरशील. त्यांना बाहेर काढलं. आजवर त्यांचं कुठे ऐकलंय?

आतून कडी घातली. दुसरी पिशवी मीच लावली, डाव्या दंडाला.

मान्सा हसली. म्हणते, उभं राहून दमले होते सगळे. आता बसतील. कुठे, विचारलं. माझ्या छातीकडे बघते —

पिशवी भरत नाही. सुईतून रक्त जातंय, पण पिशवी कोरडी. ते जातंय ते —

सेरवा दार ठोकतेय. उठवत नाही.

पोरीची नखं गुलाबी. मी बघतोय, माझ्या डोळ्यांनी. पोर जगते. श्वास मोकळा, धाप नाही. तिने माझा हात धरलाय. तिचा हात गरम, चांगला गरम. माझा पेनाचा हात पांढरा पडलाय, दुखत नाही, फक्त आता तो माझा असा वाटत ना