जेवणाच्या टेबलावरची मैत्रीण

चि. धाकटीस,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझी कंबर आता कशी आहे? माझ्या गुडघ्यांची चौकशी करू नकोस. ते उगाच लाडावतात.

"कॉलेजात तिला मैत्रिणी मिळतील ना गं?" असं दर फोनला विचारून तू माझं डोकं उठवलंस. मिळाल्या. आता ऐक.

तुझी कन्या माझ्याकडे राहायला एकटी आलीच नव्हती. रोज रात्री जेवताना ती पाण्याच्या जगला टेकवून फोन उभा करायची आणि त्यात तिची शाळेतली मैत्रीण ढमी, दुसऱ्या गावच्या हॉस्टेलात बसून, जेवायची. (आमच्या कॉन्व्हेंटात जेवताना कुजबुजलं तरी सिस्टर पुढ्यातलं पुडिंग उचलायच्या. इथे माझ्याच टेबलावर फोन मला विचारतो, "मावशी, आज काय केलंत?") शेवटी मी खडसावलं, "डबीतली मैत्रीण पुरे. बाहेर पड, हाडामांसाच्या शोध."

मेलीने जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं. आठवड्यात पाच जणी घरी आणल्या. पाचही माझ्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसतात आणि शेजारी बसलेलीलाच मेसेज पाठवून खिदळतात. (माझ्या चहाचे फोटो काढले. प्यायला कोणी नाही.) एकीला दुसरीचं आडनाव ठाऊक नाही, पण म्हणे जिवलग! जेवणं रोज बाहेर. ढमीचा फोन आला की कन्या तो उपडा घालते. का, विचारलं तर म्हणाली, "अगं मावशी, ती अजून शाळेतच अडकलीय." जशी काही ही नोकरी करून निवृत्त झालीय!

मग एका रात्री ढमीने मलाच फोन लावला. "मावशी, ती आहे का हो?" नव्हती. पोरगी मुसमुसायला लागली. तिथे तिच्याशी कोणी बोलत नाही, भरल्या मेसमध्ये एकटी जेवते. मी म्हटलं, "तोंडात घास असताना रडू नये, ठसका लागतो. ताटात काय आहे, दाखव." दाखवलं. कुत्रं हुंगणार नाही असलं.

पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या मुलीला असं वाऱ्यावर सोडायचं? हे वळण आपल्या घरातलं नव्हे. तुझ्या सासरचं असावं.

तुझी,
ताई

ता. क. कन्येला सांग, आजच्या आज ढमीला फोन कर. माझं नाव घेऊ नकोस.

आणखी एक. रात्री जेवणाच्या वेळी मात्र करू नको म्हणावं. तेव्हा ढमी माझ्याशी बोलत असते, आणि कालपासून तिच्या शेजारच्या खोलीतली एक मुलगीही. ती चावत नाही, नुसतं गिळते. लक्ष ठेवावं लागतं.