सुकाणूवरचा नातू

शनिवार, १४ एप्रिल १९४५

नातू आला आरमारातून, रजेवर. वाळून खारीक झालाय! मनकर्णा — त्याची आई, माझी सून — रडत बसली. म्हटलं, रडायचं नंतर, आधी भाकरी टाक.

कानिफ जहाजाचं सुकाणू धरतो. म्हणजे काय ते विचारलं. जहाजाच्या मागं पाण्यात फळी असते. ती वरच्या चाकानं फिरते, फळी वळली की जहाज वळतं. चाक ह्याच्या हातात, पण कुठं वळायचं ते साहेब सांगणार. म्हटलं, "म्हंजी कासरा तुझ्या हातात आन् हाकनार दुसराच!" हसला. म्हणे, "बैल ओढला की थांबतो, आजे. जहाज एकदा वळाया लागलं की वळतच ऱ्हातं." मग साहेब ओरडतो — ष्टेडी! त्या घटकेला जहाजाचं नाक जिकडं असेल तिकडंच धरून ठेवायचं. समोर काय का असेना! "त्ये सायबानं बघायचं," म्हणतो.

ह्याच्याच पाटीवर मी म्हातारपणी अक्षरं गिरवली. आता आणखी शिकवतोय.

सोमवार, १६ एप्रिल

पोराला काय झालंय कळत नाही. काम सांगितलं की माझेच शब्द माझ्या तोंडावर फेकतो. "कान्या, गुरांना पानी दाव." — हा ताठ उभा राहून, "गुरांना पानी दाव!" मग जातो. मनकर्णा पदरात तोंड घालून हसते. मायलेक मिळून मला चिडवतात.

बुधवार, १८ एप्रिल

उद्या काष्टीचे आबासाहेब येणार, आपल्या पोरीसाठी कानिफला बघायला. पोरगी चांगली आहे. कानिफनं तिला जत्रेत पाहिलीय — नाव काढलं की कान लाल! ह्याच्या तोंडाला तेवढं कुलूप घातलं पाहिजे.

गुरुवार, १९ एप्रिल

झालं वाटोळं.

आबासाहेब ओसरीवर बसले, संगं दोघं भाऊबंद. कानिफला म्हणाले, "पावनं, आसं म्होरं येऊन बसा." आणि ह्यानं ठणकावून — "म्होरं येऊन बसा!" भाऊबंद एकमेकांकडं बघायला लागले. माझ्या अंगाची लाही झाली. मी बोलून गेले, "नकला करतंय मुडदं! खाऱ्या वाऱ्यानं डोस्कं नासलं. गोऱ्यानं घाण्याला जुंपलंय, गोल गोल फिरून याड लागलंय!" आणखीही बोलले. ते लिहीत नाही.

कानिफ खाली बघत बसला. उलटून एक शब्द नाही. चहा तसाच ठेवून पाहुणे उठले. आबासाहेब म्हणाले, "कळवतो."

शुक्रवार, २० एप्रिल

मनकर्णानं आज आवाज चढवला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा! "आत्याबाई, नक्कल न्हवती ती. इचारलं तरी का तुमी?"

जहाजावर साहेबाचा हुकूम आला की सुकाणूवाल्यानं तो मोठ्यानं परत म्हणायचा, मगच चाक फिरवायचं. नाहीतर ह्यानं बरोबर ऐकलं की नाही, ते साहेबाला कसं कळणार? एका शब्दाची चूक, आणि माणसं पाण्यात. लढाई चाललीय. रोज तेच करून पोराच्या जिभेला वळण पडलं. आईला पहिल्याच दिवशी सांगितलं त्यानं. मला का नाही? — "तुमी हसल्या असत्या," मनकर्णा म्हणाली.

हसलेच असते.

शनिवार, २१ एप्रिल

काष्टीच्या बाजारात मुद्दाम गेले. कासारापाशी छबूबाई भेटली, पोरीची आई. खरं सांगायचंच म्हणून गेले होते. आणि तोंडातून काय निघालं? "परवा पोराला ताप व्हता, म्हनून बरळला!" थू माझ्या जिभेवर. पुन्हा खापर त्याच्याच डोक्यावर!

छबूबाई बांगड्या निवडत म्हणाली, "आस्सं का?" एक अक्षर पटलं नव्हतं तिला.

रविवार, २२ एप्रिल

कानिफला म्हणायचं होतं, चुकलं माझं. "वांगी आवडत्यात ना अजून?" एवढंच विचारलं.

मंगळवार, २४ एप्रिल

आबासाहेब स्वतः आले. पोरगा पसंत आहे. एवढ्या शिव्या खाऊन आजीला उलटून बोलला नाही, तेवढं त्यांना पुरलं. हरकत माझ्यावर आहे. "पोरगी देतो. पन ती मुंबैला ऱ्हाईल, त्याच्यासंगं. ह्या घरात नांदायची न्हाई."

कानिफ "चालंल" म्हणाला. माझ्याकडं न बघता.