कावळा लगेच शिवला

मंगळवार, संध्याकाळ

डॉक्टरांनी नळी घालून घसा पाहिला. काहीच नाही म्हणाले. जेवण नीट उतरतं, नुसता आवंढा गिळताना गोळा जाणवतो. दुःखानंही असं होतं म्हणे.

माझ्या आक्काच्या दहाव्यापासूनच हे आहे. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. वहिनी म्हणाली, "बघ गं, थोरलीची कसलीच इच्छा मागं राहिली न्हाय." सगळे सुटल्यासारखे उठले. मीही मान हलवली. रडू आलं की कॉन्व्हेंटात सिस्टर पाणी प्यायला लावायच्या, तशी पाणी प्यायले.

इतक्या लगेच शिवायला नको होता. जरा थांबला असता, तर कुणीतरी हात जोडून म्हणालं असतं, "आक्का, धाकटीची काळजी करू नको, आम्ही हाय की."