आक्काचा कॉम्प्युटर आणि ठराव क्रमांक सात

राजारामपुरी, कोल्हापूर
शनिवार, २३ नोव्हेंबर २००२

तीर्थरूप आक्कास,

धाकट्या श्रीपतीचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबरेत उसण भरते, तेवढी सूट धरून घे.) तुझे गुडघे आणि भावोजींची साखर यांची चौकशी आधीच करून घेतो, कारण पुढं या पत्रात चौकशी या शब्दाला फार वाईट दिवस येणार आहेत. आमच्याकडं सगळे बरे. श्रेयस इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे घरात फक्त जेवायला असतो. दसऱ्यानंतर नाशिकहून तुझी दोन पत्रं आली. दोन्हींत तू एकच विचारलंस, की बाबांच्या नावानं वाचनालयाला दिलेला कॉम्प्युटर वाचक वापरतात ना? उत्तराला उशीर झाला, कारण खरं उत्तर एका ओळीत मावतं आणि ती ओळ हातून लिहवत नव्हती.

गुढीपाडव्याला तू स्वतः येऊन त्याला हार घातलास तेव्हा तो वाचकांच्या हॉलमध्ये होता. तू नरसोबाच्या वाडीला दत्ताचं दर्शन घेऊन नाशिकची गाडी पकडलीस आणि तिसऱ्या दिवशी तो अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेला. हॉलमध्ये धूळ असते म्हणे. (सव्वीस वर्षं ग्रंथपाल म्हणून मी त्याच धुळीत बसतो, मला कुणी केबिनमध्ये हलवलं नाही.) आमचे अध्यक्ष तात्या, भांड्यांच्या दुकानवाले, तुला आठवत असतील, उद्घाटनाला कॉम्प्युटरपेक्षा मोठा हार त्यांच्या गळ्यात होता. त्यांच्या सौभाग्यवतींनी कॉम्प्युटर झाकायला मखमली झालर शिवली. दाराशी पाटी लागली, ‘चप्पल बाहेर काढावी. वाचकांनी आत येऊ नये.’ म्हणजे चप्पल कुणी काढायची हे मला अजून समजलेलं नाही, पण मी काढतो. इंटरनेट आलं ते केबिनमधल्या फोनच्याच तारेवर. ते चालू असलं की तात्यांना फोन लागत नाही, आणि तात्यांना दुकानच्या पातेल्यांचे आकडे दिवसभर सांगायचे असतात. तरी वार्षिक अहवालात छापलं, ‘वाचकांसाठी अद्ययावत संगणक सेवा’. खाली फोटो आहे. फोटोत झालर दिसते.

या झालरीला पहिला हात घातला साक्षीनं. ही मुलगी कसबा बावड्याची, वडील भाऊसो साखर कारखान्यात कामाला, बौद्ध कुटुंब, घरात पोरांपेक्षा पुस्तकं जास्त. बी.ए. झालेली, सरकारी कॉम्प्युटर कोर्स केलेला, सायकलवरून यायची. तिनं मला सरळ विचारलं, वाचकांचा कॉम्प्युटर वाचकांना दाखवायला काय घेता? मला लाज वाटली, म्हणून तात्यांकडं रदबदली केली. पुस्तकांची यादी फुकटात चढवून देईल म्हटल्यावर तात्यांनी रोज तीन ते पाच, त्यांच्या झोपेची वेळ, मंजूर केली. पाच महिन्यांत तिनं अडीच हजार पुस्तकं चढवली. तेवढंच करती तर बिघडलं नसतं. पण ती वाचकांना आत घ्यायला लागली. कुणाला बारावीचा निकाल काढून दे, कुणाला नोकरीची जाहिरात शोधून दे. नव्या व्हायरसचं औषध ती दर आठवड्याला कुठूनतरी फ्लॉपीवर घेऊन यायची आणि मशीनला पाजायची. आमच्या समितीत ते फक्त डासांसाठी असतं असा समज होता. भडंग विकणाऱ्या शालूबाईचा मुलगा मस्कतला आहे. त्याचा फोटो आला तेव्हा शालूबाईनं पदरानं पडदा पुसला आणि त्याच्या गालावरून बोटं फिरवली. त्या दिवशी मला वाटलं, आक्का, तू बाबांचं नाव योग्य ठिकाणी लावलंस. तेवढ्यात तात्या झोपून उठून आले आणि काचेवर कुणाची बोटं उमटली ते विचारू लागले.

मग आली खंडेनवमी. तुला माहीत आहे, त्या दिवशी आपल्याकडं ज्यावर पोट चालतं त्याची पूजा होते. तारखेचा शिक्का, कातर, डिंकाची बाटली, शिपाई आकारामची सायकल, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडू वाहिला. कॉम्प्युटरचीही पूजा झाली. दसऱ्यानंतर उघडून बटण दाबलं, तर आतून जात्यासारखी घरघर आली, जळका वास आला आणि पडदा जो काळा झाला तो झालाच. दुरुस्तीवाला शाहूपुरीतून आला. त्यानं पेटी खोलली, बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाला, “पावणं, ह्याला अभिषेक घातलाय व्हय?” फ्लॉपी घालायच्या फटीतून पाणी आत गेलं होतं, बोर्ड जळला होता, आणि फटीच्या तोंडाशी कुंकवाचा चिखल, चार अक्षता आणि झेंडूची एक पाकळी होती. साक्षीची यादी गेली. तिची नक्कल असलेली फ्लॉपी त्याच फटीत होती, तीही गेली. असला गाढव कोण, असं त्यानं विचारलं. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मीही बघितलं.

त्यावर चौकशी सभा. पाच सभासद, चहा, भजी. तात्यांचं म्हणणं, “रोज कोण बसत हुतं? ती पोरगी. मग आणि कोण करणार?” साक्षीला बोलावलं. ती उभीच होती, कारण खुर्च्या भज्यांजवळ होत्या. तिनं एवढंच सांगितलं, “आमच्या घरात हळद-कुंकू वाहत न्हाईत. मी मशीनला कशाला वाहीन?” आक्का, याला उत्तर नव्हतं. पाच शहाण्या माणसांनी भज्यांची बशी पुढं ओढली. आणि उत्तर नसलं की आमच्याकडं मतदान घेतात. ठराव क्रमांक सात एकमतानं मंजूर झाला: अननुभवी वाचकाच्या हाताळणीमुळं यंत्र निकामी झाले, सबब कु. साक्षी हिचे सभासदत्व रद्द करावे, तिला कामाचा दाखला देऊ नये, आणि सेवा अद्ययावत राहण्यासाठी यापुढे वाचकांना यंत्रापासून लांब ठेवावे. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. इतिवृत्त लिहायचं काम माझं, त्यामुळं ठराव माझ्याच अक्षरात आहे. (तू पाटीवर गिरवून घेतलेलं अक्षर. सगळे छान म्हणाले.)

तिला दाखला कशाला हवा तेही सांगतो. सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथालय सहायकाची जागा आहे. कॉम्प्युटरवर पुस्तकांची यादी केल्याचा अनुभव हवा. तो तिला आहे, पण कागद नाही. अर्ज द्यायची शेवटची तारीख तीस नोव्हेंबर. दोन वेळा ती येऊन गेली, दोन्ही वेळा मी ठरावाकडं बोट दाखवलं. ही माणसं भित्री, आक्का. पाचांपैकी एकाला उठून म्हणता आलं नाही, की हळद-कुंकू आपल्यातल्याच कुणीतरी घातलं. मला त्यांची किळस येते. भावोजींना नमस्कार, नातवंडांना गोड पापा.

तुझा,
श्रीपती

ता.क. आपल्यातल्याच कुणीतरी म्हणजे मी. नवरात्रातलं तुझं पत्र काढून बघ, म्हणजे आठवून बघ. पत्र माझ्याकडं आहे. ‘खंडेनवमीला कॉम्प्युटरची नीट पूजा कर आणि मी ठेवून गेलेल्या वाडीच्या तीर्थाचे दोन थेंब त्याच्या मुखी घाल.’ तुझी आज्ञा मी आजवर मोडलेली नाही. आकाराम पेढे आणायला गेला होता. त्या पेटीला मुख कुठलं हे मी फार वेळ शोधलं, तर ती एकच फट उघडी दिसली. तू थेंब म्हणालीस, मी दोन पळ्या घातल्या, मोठ्या बहिणीच्या नावानं कंजुषी नको म्हणून. माझी नोकरी दीड वर्ष राहिली आहे आणि श्रेयसची फी भरायची आहे. तेव्हा तू देणगीदार या नात्यानं समितीला लिही, की तीर्थ घालायला तूच सांगितलंस. तुझ्या नावाचा संगमरवर भिंतीत बसवलाय, तुझ्याविरुद्ध ठराव करता येणार नाही. कुणाच्या हातानं घातलं ते लिहायची गरज नाही.

ता.क. दुसरा, सोमवार. पाकीट परत फोडलं. साक्षी शेवटचं पुस्तक परत करायला आली होती, मुदतीच्या दिवशीच. मी कुणाला न विचारता दाखला लिहून, शिक्का मारून ठेवला होता, तो तिच्या हातात दिला. तिनं वाचला आणि टेबलावर ठेवला. म्हणाली, ठराव तसाच ठेवून हे देऊ नका, कुणी विचारलं तर मीच खोटी ठरेन. मग म्हणाली, “वाडीची बाटली तुमच्या टेबलावर हुती, सर. दसऱ्यानंतर रिकामी दिसली. मला तवाच कळलंतं.” मी विचारलं, मग सभेत का बोलली नाहीस? “तुम्ही बोलाल असं वाटलंतं.” एवढं बोलून ती सायकलवर बसून गेली. मला इतकं लाजिरवाणं उभ्या जन्मात वाटलं नाही.

तेव्हा तू आता पत्र लिहू नकोस, ते शनिवारच्या आत पोचायचं नाही. मी स्वतः कबुली लिहायला बसलो होतो. तीन कागद झाले. तिन्हींवर ‘मा. अध्यक्षमहाशय’ फार सुंदर आलंय, पुढं काही नाही. हे पाकीट कुरियरनं धाडतोय, बुधवारी मिळेल. मिळाल्याबरोबर वाचनालयात फोन कर, संध्याकाळी पाचनंतर. फोन केबिनमध्ये आहे, तात्याच उचलतात. श्रीपतीला बोलावतो म्हणाले तर नको म्हण. त्यांनाच सगळं सांग, आणि दोन्ही पळ्या माझ्या हातच्या होत्या हेही सांग. मी दाराबाहेर चप्पल काढून उभा असेन.